ती रील काढून टाका

आज सकाळपासून एक रील चारपाच ग्रुपवर फिरून माझ्यापर्यंत आली. आपल्याच भागातलं वावर. भर उन्हात एक बाई पराट्या उपटतेय. लुगड्यावर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट, डोक्याला दुपट्टा आणि डोळ्यांवर काळा गॉगल. मागे पिक्चरचं गाणं लावलंय, खाली हसण्याच्या इमोजींची रांग. "मॅडम फॉरेनहून आल्या वाटते." "हिरोईन, रोज किती घेते वं?"

दोनदा पाहिली. तिसऱ्यांदा बघवेना.

२०११ साली पहिला पगार झाला तेव्हा यवतमाळच्या बसस्टँडजवळून मी आईसाठी असाच काळा चष्मा घेतला होता. तिच्या उजव्या डोळ्यात नाकाच्या बाजूने तांबूस, तिकोनी मांस दिसायला लागलं होतं. ती म्हणायची, "मास वाढलं बापा डोयात, दुखत तं नाही." दिवसभर डोळा खुपायचा, लाल व्हायचा, पाणी यायचं. ती पदराने पुसायची आणि पुढच्या ओळीला लागायची.

तो चष्मा तिने दोन दिवस लावला. फक्त दोन दिवस! तिसऱ्या दिवशी चौकात बसलेल्यांपैकी कोणीतरी म्हणालं, "काय वं, शूटिंगले चालली काय?" आणि सगळे हसले. आईने घरी येऊन चष्मा फडक्यात गुंडाळला आणि मंगळसूत्राची जुनी डबी जिथे ठेवते त्या पेटीत टाकून दिला. मी भांडलो. "लोकं हासतात रे," एवढंच म्हणाली.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी हे मांस असेल. टेरिजियम म्हणतात त्याला, काही जण नाखुना म्हणतात. सुश्रुतसंहितेत याला अर्म म्हटलंय, त्याचे पाच प्रकार सांगितलेत. एवढा जुना रोग आणि आपण अजून "ऊष्णता झाली" म्हणून डोळ्यात गुलाबपाणी टाकतो. हा कॅन्सर नाही आणि मोतीबिंदूही नाही. मोतीबिंदू डोळ्याच्या आतल्या भिंगाला होतो, हे मांस वरून चढतं, पांढऱ्या भागावरून हळूहळू बुबुळावर. ऊन, धूळ आणि कोरडा वारा ही याची मोठी कारणं. आता सांगा, एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर जाणाऱ्या आपल्या भागात वावरात राबणाऱ्या बाईकडे या तिन्हींपैकी काय कमी आहे?

आईचं मांस सहा वर्षांत बुबुळावर चढलं. सुईत दोरा ओवता येईना. तांदळातले खडे दिसेनात. मेडिकलवाला थेंब द्यायचा, त्याने लाली जायची, म्हणून ती महिन्या-महिन्याला तेच मागवायची. ते स्टेरॉइडचे थेंब होते. न विचारता असे महिनोन् महिने टाकले तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, हे आम्हाला फार उशिरा कळलं. तिचा दाब वाढला नव्हता, हे नशीब.

एका शिबिरात नेलं तर बॅटरीने पाहून म्हणाले, हा मोतीबिंदू नाही, घरी न्या. बास. कुठे न्यायचं, काय करायचं, एक शब्द नाही. येताना जीपमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मान्य, ते शिबिर मोतीबिंदूचंच होतं, त्यांच्याकडे रांगही मोठी होती. पण दोन वाक्यं सांगायला काय लागतं?

शेवटी नागपूरला ऑपरेशन झालं. सुन्न करून अर्ध्या-पाऊण तासात. मांस काढलं आणि त्याच डोळ्याच्या वरच्या पापणीखालचा पातळ पापुद्रा काढून तिथे चिकटवला. नुसतं कापून सोडलं तर ते बऱ्याचदा परत वाढतं, म्हणून हे ठिगळ. तोवर मांसाने बुबुळाचा गोलावा ओढून वाकडा केला होता. तो पूर्ण सरळ झाला नाही, तिरपा नंबर राहिला तो राहिलाच.

आणि डॉक्टरांनी निघताना काय सांगितलं? "आजी, उन्हात काळा चष्मा. कायमचा." मला तेव्हा ती पेटीच आठवली.

त्यांनीच समजावलं होतं की कानाच्या बाजूने येणारं ऊन बुबुळातून वळून नाकाकडच्या काठावर एकवटतं, म्हणून मांस बहुतेक तिथेच धरतं. बाजूनेही झाकणारा चष्मा घ्या, यूव्ही ४०० लिहिलेला, म्हणजे उन्हातले अतिनील किरण अडवणारा, आणि वरून रुंद काठाची टोपी. ठीक आहे, चष्मा लावला म्हणजे मांस होणारच नाही असं नाही. घामाने तो घसरतो, वाफ धरते, हेही खरं. म्हणून काय उघड्या डोळ्यांनी भाजून घ्यायचं?

ट्रॅक्टरवरच्या गड्याने गॉगल लावला तर तो दादा. रील काढणारे पोट्टे स्वतः संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, गाडीवर गॉगल लावून फिरतात. त्यांना कोणी विचारत नाही कुठे शूटिंग आहे म्हणून. बाईने लावला की सगळ्या गावाच्या पोटात दुखतं. अरे, ती बारा वाजताच्या उन्हात वाकलेली आहे! तुमच्या घरातला कापूस कोणी वेचला? तुमची फी कोणाच्या रोजातून गेली?

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. तुम्हीही लहान आहात, आम्हीही चौकात बसून हसलो असू कधी. आईवर हसणाऱ्यांपैकी एकाच्या डोळ्यात आज तसंच मांस आहे. मी त्याला काही बोललो नाही, नागपूरचा पत्ता दिला.

दुपारी आईला फोन करून रीलचं सांगितलं. थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "कोणाची हाय रे ते बाई? भेटली तं सांगजो तिले, काढू नको म्हणा चष्मा. मी काढला होता."

ज्याने टाकली असेल त्याने ती रील आज रात्रीपर्यंत काढावी. आणि त्या बाईला कोणी ओळखत असेल तर मला इनबॉक्समध्ये सांगा. आईचा निरोप पोचवायचा आहे.