हातमोजेवाल्याच्या पोरानं लिहिलं म्हणून खोटं?

परवा रात्री भाचीचा मेसेज आला. आधी एक हातभर लांब फॉरवर्ड आणि खाली तिची एक ओळ: ‘मामा, सेमिनारचा विषय बदलू का?’ ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, स्पेशल इंग्लिश. शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’ या नाटकावर बोलायचं म्हणून महिनाभर तयारी करते आहे. वर्गाच्या ग्रुपवर कुणीतरी हे टाकलं आणि पोरगी हबकली.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं. स्ट्रॅटफर्डचा विल्यम शेक्सपिअर हा हातमोजे करणाऱ्याचा अर्धवट शिकलेला मुलगा. तो शाळेत गेल्याचा पुरावा नाही, त्याच्या सह्या धड नाहीत, मृत्युपत्रात एकही पुस्तक नाही, इटली त्यानं पाहिलेली नाही. सबब नाटकं लिहिली ती एडवर्ड डी व्हिअर या ऑक्सफर्डच्या अर्लनं, म्हणजे एका उमरावानं, आणि नाव लावलं या नटाचं. शेवटी पुस्ती: मार्क ट्वेन आणि फ्रॉइड यांनाही शंका होती.

ज्या मुद्द्यानं माझं डोकं फिरलं तो आधी घेतो. ‘हातमोजेवाल्याचा मुलगा असं लिहूच शकत नाही.’ हे वाक्य एका शिंप्याच्या मुलीनं वाचलं, कारण आमच्या दाजींचं शिवणकामाचं दुकान आहे. ते वाचून तिच्या मनात काय आलं असेल, याचा विचार पुढे ढकलणाऱ्या एकानंही केला नाही.

वडील जॉन शेक्सपिअर हातमोजे करायचे, हे खरं. हेच जॉन १५६८ साली स्ट्रॅटफर्डचे बेलिफ, म्हणजे आपल्या भाषेत नगराध्यक्ष झाले. गावात ग्रामर स्कूल होतं. तिथल्या त्या काळच्या विद्यार्थ्यांची हजेरीपुस्तकं उरलेली नाहीत, एकाही मुलाची नाहीत. मग त्या पिढीतलं सगळं गावच शाळेत गेलं नव्हतं असं म्हणायचं का? अशा शाळांमध्ये पोरांकडून लॅटिन घोकून घेत. ओव्हिड, टेरेन्स, सिसेरो हे रोमन लेखक तिथले नेहमीचे, आणि नाटकांत पानोपानी दिसतो तो ओव्हिडच. त्याच काळातला नाटककार बेन जॉन्सन, त्यानं तर लिहूनच ठेवलंय की शेक्सपिअरला लॅटिन थोडकं येत होतं आणि ग्रीक त्याहून कमी. एखाद्या विद्वान अर्लबद्दल कुणी असं लिहील?

आणि त्याच्या आजूबाजूला कोण होतं ते पाहा. ख्रिस्तोफर मार्लो चांभाराचा मुलगा, शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेलेला. थॉमस किडचे वडील कागदपत्रं लिहून देणारे लेखनिक. खुद्द जॉन्सनचा सावत्र बाप गवंडी, जॉन्सननंही विटा रचल्या, आणि विद्यापीठाचं शिक्षण त्याला मिळालं नाही. लंडनची ती रंगभूमी उभी राहिली ती अशा घरांतल्या पोरांवर. त्यांतल्या एकाच्याच बाबतीत बापाचा धंदा आड का यावा?

उलट तो धंदा नाटकांत उतरलेला आहे. ‘मेरी वाइव्ज ऑफ विंडसर’मध्ये मिसेस क्विकली एका माणसाची खूण पटवताना विचारते, हातमोजे करणाऱ्याच्या कातडं तासायच्या सुरीसारखी मोठी गोल दाढी आहे ना त्याची? ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये विदूषक म्हणतो, हुशार माणसाच्या हातात वाक्य म्हणजे करडाच्या कातड्याचा मऊ हातमोजा, आतली बाजू बघता बघता बाहेर येते. ऑक्सफर्डच्या अर्लनं इटलीहून राणीसाठी सुगंधी हातमोजे आणले होते असं सांगतात. असेलही. मोजे भेट देणाऱ्याला त्यांचा वास आठवेल. कातडं तासायची सुरी गोल असते हे बापाच्या शेजारी बसलेल्या मुलाला आठवतं.

आता हा अर्ल. फॉरवर्डमध्ये त्याची मृत्यूची तारीख गाळलेली आहे, आणि ती गाळल्याशिवाय हा दावा उभाच राहत नाही. तो २४ जून १६०४ रोजी वारला. ‘मॅकबेथ’मधला द्वारपाल शपथेवर दुटप्पी बोलणाऱ्यांची जी टर उडवतो तिला १६०५ च्या गनपावडर कटाचा, म्हणजे राजासकट पार्लमेंट उडवून देण्याच्या कटाचा, आणि त्यानंतरच्या खटल्याचा संदर्भ आहे. ‘टेम्पेस्ट’मधल्या वादळामागे ‘सी व्हेंचर’ या जहाजाची हकीकत आहे. ते १६०९ मध्ये बर्म्युडाला फुटलं आणि त्याची बातमी लंडनला पोचली १६१० मध्ये. यावर ठरलेलं उत्तर येतं: अर्लनं लिहून ठेवली होती, नंतर बाहेर काढली. म्हणजे पाच वर्षांनी फुटणारं जहाजही त्यानं आधीच लिहून ठेवलं! शिवाय १५९८ साली फ्रान्सिस मेरेस या लेखकानं चांगल्या विनोदी नाटककारांची यादी दिली. तीत ऑक्सफर्डचा अर्लही आहे आणि शेक्सपिअरही आहे, वेगवेगळे.

सह्यांचा मुद्दा वेळ घालवण्यालायक नाही. सहा सह्या आहेत, स्पेलिंग वेगवेगळं आहे, आणि त्या काळी सगळ्यांचंच तसं होतं. मार्लोची एकच सही उरली आहे, तिच्यात तो ‘मार्ली’ आहे.

इटलीचंही तेच. अर्ल खरोखर इटलीत राहून आला होता. नाटककाराला मात्र इटली पुस्तकांतून भेटलेली दिसते. पुस्तकं कुठून मिळाली, हा प्रश्न रास्त आहे. स्ट्रॅटफर्डचाच रिचर्ड फील्ड लंडनमध्ये छापखाना चालवत होता. १५९३ मध्ये शेक्सपिअरचं पहिलं काव्य त्यानंच छापलं आणि प्लुटार्क या प्राचीन ग्रीक लेखकाच्या चरित्रांची १५९५ ची इंग्रजी आवृत्तीही त्याच्याच छापखान्यातली. रोमन नाटकांचा कच्चा माल तोच.

एक गोष्ट मला नाइलाजानं मान्य करावी लागते. त्याचं खासगी आयुष्य फार थोडं हाताला लागतं. त्यानं लिहिलेलं एक पत्र नाही, नाटकाचं स्वतःच्या अक्षरातलं हस्तलिखित नाही. ‘सर टॉमस मोर’ या नाटकातली तीन पानं त्याच्या हातची असावीत असं बरेच अभ्यासक मानतात, एवढंच. आणि सगळी नाटकं त्यानं एकट्यानं लिहिली नाहीत हेही खरं. शेवटची काही जॉन फ्लेचरसोबत लिहिली आहेत. पण ही भागीदारी होती १६१३ च्या सुमाराची. त्या वेळी अर्लला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

मृत्युपत्रात बायकोला ठेवलेला ‘दुसऱ्या नंबरचा पलंग’ सगळ्यांना पाठ असतो. त्याच मृत्युपत्रात जॉन हेमिंग्ज, रिचर्ड बर्बेज आणि हेन्री कॉन्डेल या त्याच्या नाटक कंपनीतल्या तीन नटांना अंगठ्या घेण्यासाठी प्रत्येकी २६ शिलिंग ८ पेन्स ठेवलेत, ते कुणी फॉरवर्ड करत नाही. बर्बेज १६१९ मध्ये गेला. उरलेल्या दोघांनी १६२३ मध्ये ३६ नाटकांचा ‘फर्स्ट फोलिओ’ काढला. त्यांतली निम्मी नाटकं आधी कधी छापलीच नव्हती. ‘मॅकबेथ’, ‘टेम्पेस्ट’, भाचीचं ‘ट्वेल्फ्थ नाइट’, सगळी त्या दोघांमुळे वाचली. आपल्या मित्राची आणि सहकाऱ्याची आठवण जिवंत राहावी एवढ्यासाठी हे करतो, असं त्यांनी अर्पणपत्रिकेत म्हटलंय. त्याच ग्रंथात जॉन्सन त्याला एव्हन नदीचा, म्हणजे स्ट्रॅटफर्डच्या नदीचा, हंस म्हणतो आणि कवी लिओनार्ड डिग्ज स्ट्रॅटफर्डच्या स्मारकाचा उल्लेख करतो. हे सगळे कटात सामील होते म्हणावं, तर जॉन्सननं स्वतःच्या टिपणवहीत नटांना उद्देशून केलेली तक्रार कशाला लिहावी? नट कौतुकानं सांगत की शेक्सपिअर एक ओळ खोडत नसे. जॉन्सन म्हणतो, हजार खोडल्या असत्या तर बरं झालं असतं, आणि लगेच पुढे सांगतो की त्या माणसावर माझं प्रेम होतं.

नाटकं कंपनीत बसून लिहिलेली आहेत, याची खूण छापील पानावरही राहून गेली आहे. ‘मच अ‍ॅडो अबाउट नथिंग’च्या १६०० सालच्या प्रतीत डॉगबेरी आणि व्हर्जेस या पात्रांच्या संवादांपुढे चुकून ‘केम्प’ आणि ‘काउली’ छापलंय. ती कंपनीतल्या नटांची नावं. लिहिणाऱ्याला पात्राआधी तो नट दिसत होता. हे मराठी नाटकवाल्याला समजावून सांगावं लागू नये. ‘ऑथेल्लो’ मराठीत आणणारे गोविंद बल्लाळ देवल किर्लोस्कर मंडळीत स्वतः काम करायचे, तालमी घ्यायचे आणि लिहायचे.

राहिले ट्वेन आणि फ्रॉइड. ट्वेनचा कल तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनकडे होता, फ्रॉइडचा ऑक्सफर्डकडे. दोन्ही खरे असू शकत नाहीत. ऑक्सफर्डची कल्पना पुस्तकरूपात आली १९२० मध्ये, नाटककाराला जाऊन तीनशे वर्षं उलटल्यावर.

हे सगळं मी भाचीला फोनवर सांगितलं. दाजी शेजारीच होते. मोज्याची ती ओळ तिनं त्यांना मराठीत करून सांगितली. ते म्हणाले, ‘कॉलर आम्ही उलटीच शिवतो, मग पालटून सुलट करतो. टोक नीट निघालं नाही की गिऱ्हाईक परत येतं.’ तिनं ते वहीत लिहून घेतलं. सेमिनार गुरुवारी आहे, विषय तोच आहे.