‘आपल्या गावाला जाऊन तक्रार द्या’ म्हणे! त्या फॉरवर्डला उत्तर

नातेवाईकांच्या, सोसायटीच्या, अगदी भिशीच्या ग्रुपवरही एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं की बाहेरून कामाला आलेल्या बाईला नवऱ्यानं मारलं तर तिनं आपल्या गावाला जाऊन तक्रार द्यावी, सोलापुरात घेत नाहीत. लग्नाचा दाखला आणि इथल्या पत्त्याचं आधार नसेल तर विषयच संपला. शेजाऱ्यांनी मध्ये पडू नये, उगाच अंगाशी येतं. आणि शेवटी, तसंही चार दिवसांनी परत नवऱ्याकडंच जातात. खाली लिहिलंय ‘जनहितार्थ’. कुणाचं हित ते काय कळलं नाही.

आधी गावाचं बघू. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ चा, त्याचं कलम २७ बघा की. बाई जिथं कायमची किंवा तात्पुरती राहते, किंवा जिथं कामाला आहे, तिथल्या मॅजिस्ट्रेटकडं अर्ज चालतो. तात्पुरती म्हणजे माळशिरसला उसाच्या फडाच्या कडेला कोपी, म्हणजे झोपडी, टाकून राहिलेली बीडची बाई पण आली आणि एमआयडीसीत भाड्याच्या खोलीत राहणारी कलबुर्गीकडची पण आली. बरं मारहाण तिकडं झाली आणि ती जीव मुठीत धरून इकडं बहिणीकडं आली तर? तरीही चालतं, सासर सोडून बाई जिथं आसरा घेते तिथंही छळाची केस करता येते असं सुप्रीम कोर्टानं २०१९ ला सांगितलंय. एफआयआरचं म्हणाल तर हद्द कुणाचीही असो, नोंदवून घ्यायचा आणि मग तिकडं पाठवायचा, झिरो एफआयआर म्हणतात तो हाच. १ जुलै २०२४ पासून नवीन कायद्यात, बीएनएसएसच्या म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हे लिहूनच आलंय. तरीही ठाण्यात ‘आमची हद्द नाही’ हे वाक्य ऐकायला मिळतंच, नाही असं नाही. मग तक्रार लिहून पोस्टानं वरच्या साहेबांकडं पाठवायची, ग्रामीणला अधीक्षक, शहरात आयुक्तालय.

दाखला आणि आधार? बिनलग्नाची पण नवरा-बायकोसारखी एका घरात राहणारी बाई सुद्धा २००५ च्या कायद्यात बसते. आणि आधारवर पत्ता कुठला यावर अब्रू आणि जीव ठरत नाही, तक्रार तोंडी सांगितली तरी लिहून घ्यावी लागते.

शेजाऱ्यांचं तर एका ओळीत संपतं. त्याच २००५ च्या कायद्याचं कलम ४ वाचा, चांगल्या हेतूनं माहिती देणाऱ्यावर ना दिवाणी ना फौजदारी, काहीच येत नाही. १८१ (महिला हेल्पलाइन) किंवा ११२ (पोलीस) ला फोन लावायला काय जातं हो आपलं?

आता ते ‘परत जातात’. हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं, कारण ते अर्धं खरं आहे आणि का जातात ते मेसेजवाल्यानं विचारलंच नाही. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणजे एक जोडी धरतात, उचल म्हणजे आगाऊ रक्कम दोघांच्या कामावर मिळते पण मुकादमाकडून, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराकडून, पैसे घेतो नवरा, आणि दिवाळीच्या आगंमागं आलेली ती टोळी पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, हलत नाही. बाई निघाली की कोयता मोडला, मुकादम दारात उभा, ‘उचल कोण फेडणार?’ फोन नवऱ्याच्या खिशात, कागदं त्याच्या पेटीत, पोरं कोपीत. ती जाईल कुठं? खरं तर उचलीपायी माणसाला अडकवून ठेवणं हा १९७६ च्या वेठबिगारी कायद्यानं गुन्हा आहे, पण फडात हे सांगणार कोण.

आणि परत गेली म्हणजे केस खोटी, हे कुणी ठरवलं? संरक्षण आदेश घ्यायला नवरा सोडावा लागत नाही. त्याच घरात राहून ‘हात लावायचा नाही’ असा आदेश कोर्टाकडून मिळतो, आणि घरात राहायचा हक्क तिचा आहेच. लगेच नवऱ्याकडं परत जायचंच नसेल तर सखी वन स्टॉप सेंटरला, म्हणजे अशा बायकांसाठीच्या सरकारी मदत केंद्रात, थोडे दिवस राहता येतं. वकील फुकट, बाईला त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही, मोफत कायदेशीर मदतीचा नंबर १५१००. मार लागला असेल तर आधी सिव्हिल म्हणजे सरकारी दवाखाना, तक्रार दिली नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, आणि तिथला कागद पुढं लई उपयोगी पडतो.

एक राहिलं. मेसेजमध्ये ‘परप्रांतीय’ शब्द तीनदा आलाय. सोलापुरात बसून? पूर्व भागात ज्यांचे आजे-पणजे तेलंगणातून कापडाच्या मागावर कामाला आले त्यांच्या घरच्या बायका आजही विड्या वळतायत. उलट तेलुगू, कन्नड बोलणारी बाई प्रत्येक बोळात सापडते हा आपला फायदाच, मार खाल्लेल्या बाईबरोबर ठाण्यात जाताना तिला दुभाषी म्हणून सोबत न्या. अंगठा घ्यायच्या आधी लिहिलेलं सगळं वाचून दाखवायला सांगा आणि तक्रार देणाऱ्या बाईला ते तिच्या भाषेत समजलं का बघा. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, ती मागून घ्या, आणि घरी ठेवायची सोय नसेल तर तुमच्याकडं ठेवा.