वकीलपत्रावर सही कोणाची?

मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशांच्या भरतीसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली, तेव्हा वाद रंगला तो पदवीनंतरच्या तीन वर्षांवर. ज्याच्या हाताखाली शिकायचं तो सीनियर वकील पैसे देणार का, गरीब घरच्या मुलींनी तोवर काय खायचं? प्रश्न रास्तच आहेत. पण पदवीआधीच्या तीन-पाच वर्षांत विद्यार्थ्यासमोर खरा अशील येऊन बसतच नाही, हे बोस्टनमधून पाहताना जास्त खटकतं.

इथल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या न्यायालयीन नियम 3:03 नुसार वरच्या वर्षातला विद्यार्थी, डीनची लेखी मान्यता आणि वकिलाची देखरेख असेल तर, गरीब पक्षकारासाठी कोर्टात उभा राहतो. हार्वर्डच्या विद्यार्थ्यांचं लीगल एड ब्यूरो, म्हणजे विधी सहाय्य केंद्र, तर 1913 पासूनचं.

उभं राहण्याचं कौतुक जरा बाजूला ठेवू. खरं शिक्षण फाइलमध्ये होतं. समजा, थकलेल्या भाड्यापायी भाडेकरूला 14 दिवसांची नोटीस आली आणि मग दावा लागला. छत गळतं, हीटर बंद आहे, असा बचाव घेता येतो. पण ते दोष भाडं थकण्याआधी मालकाला माहीत असायला हवेत. नवखा विद्यार्थी नेमका इथे फसतो. बुरशीचे चाळीस फोटो गोळा करतो, तारखेचा एकही कागद मागत नाही. म्हणून देखरेख करणारे शिक्षक त्याला एका पानावर दोन रकाने आखायला लावतात: कुठल्या महिन्याचं भाडं चुकलं आणि तक्रार कधी, कशी केली. मेसेज, ईमेल, पालिकेच्या निरीक्षकाचा अहवाल, जे असेल ते. अशा दोषांपोटी थकबाकीतून वजावट होऊनही काही देणं निघालं, तर सात दिवसांत भरून घर वाचवता येतं. तेव्हा पैसे कुठून उभे राहतील हे पहिल्या भेटीतच विचारायचं. निकालाच्या दिवशी विचारून उपयोग नसतो.

हे महागडं काम आहे. एका शिक्षकामागे साधारण आठ-दहाच विद्यार्थी. शिवाय सत्र संपतं, केस संपत नाही, आणि अशिलाला तीच कहाणी तिसऱ्या पोराला सांगावी लागते.

आपल्याकडे बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांत चार प्रॅक्टिकल पेपर सक्तीचे आहेत. ड्राफ्टिंगला 15 प्लीडिंग आणि 15 दस्त, मूटच्या (लुटुपुटूच्या खटल्याच्या) पेपरात दोन खटल्यांचं आणि अशिलाच्या दोन मुलाखतींचं निरीक्षण. कागदावर चोख! प्रत्यक्षात जर्नल गेल्या वर्षीच्या जर्नलवरून उतरतं. पोरं आळशी असतात म्हणून नव्हे. त्या कैफियतीवर कोणाचं घर अडलेलं नसतं म्हणून. त्यातून पूर्णवेळ पगारी प्राध्यापकाला वकिली करता येत नाही, मग वकीलपत्रावर सही कोण करणार? कॉलेजचं विधी सहाय्य केंद्र उरतं ते शिबिर, पथनाट्य आणि बॅनरसमोरच्या फोटोपुरतं.

अधिवक्ता अधिनियमाच्या कलम 32 खाली सनद नसलेल्यालाही कोर्ट परवानगी देऊ शकतं, पण प्रकरणागणिक. त्यावर अभ्यासक्रम उभा राहत नाही. याच अधिनियमाखालच्या 1979 च्या नियमांनी मात्र वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवायची मुभा दिली आहे. स्थानिक कोर्टातले असे दोन वकील घ्यावेत, प्रत्येकाकडे आठ विद्यार्थी द्यावेत, प्रकरणं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून यावीत. सही आणि युक्तिवाद वकिलाचा, बाकी सगळं विद्यार्थ्यांचं. सुरुवात भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 15 पासून करता येईल. मागणीच्या नोटिशीनंतर 90 दिवस गेल्याशिवाय दावा नाही, आणि समन्स बजावल्यापासून 90 दिवसांत थकबाकी, 15 टक्के सरळव्याज व खर्च भरला तर ताबा वाचतो. मात्र पुढे निकाल लागेपर्यंत भाडं नियमित भरावं लागतं. अशील एकदा भरून निर्धास्त होतो आणि पुढचे महिने चुकवतो. दरमहा फोन करून पावती फाइलला लावणं हेही विद्यार्थ्याचंच काम.

साठांच्या वर्गात यामुळे सोळाच जणांची सोय होईल. चालेल. साठ जणांना घेऊन पुन्हा जर्नलच लिहून घेण्यापेक्षा ते बरं. आपल्या तारखा पाहता केस सत्रापेक्षा लांबणारच, तेव्हा पुढच्या तुकडीसाठी हस्तांतराची टिपणं पहिल्या आठवड्यापासूनच लिहून घ्यावीत.