‘हिस्टोग्राम तर एका क्लिकचं काम’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. आमच्या डेटा व्हिज्युअलायझेशनच्या क्लासला आपण दोन तारे दिलेत आणि लिहिलंत की एका हिस्टोग्रामवर (आकड्यांचे सलग गट पाडून प्रत्येक गटात किती नोंदी आल्या ते स्तंभांनी दाखवणारी आकृती) अख्खी सकाळ गेली, एक्सेलमध्ये ते एका क्लिकचं काम आहे, आकडे तेच ठेवून आकृती बदलत राहिल्यानं गोंधळ वाढला, स्तंभांना वेगवेगळे रंग द्यायला शिकवलं नाही आणि पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्ट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बटणच सापडलं नाही. हा धडा मी आखलेला आहे, म्हणून उत्तरही मीच देतो.

क्लिकचं म्हणणं खरं आहे. एक्सेल 2016 पासून हिस्टोग्राम तयार मिळतो. पण त्या क्लिकनंतर गट किती रुंद असावेत हे एक्सेल स्कॉटच्या नियमानं (नोंदी किती आणि त्या किती पसरलेल्या, यावरून) परस्पर ठरवतं. मॅटप्लॉटलिबला (पायथॉनमधली आलेख काढायची लायब्ररी) काही सांगितलं नाही तर ते सरळ 10 गट पाडतं. आर ही आकडेवारीची प्रोग्रामिंग भाषा 1926 सालचा स्टर्जेसचा नियम (नोंदींच्या संख्येवरून गट ठरवणारा) धरून चालते. एकच डेटा तिन्हीकडे वेगळा दिसू शकतो. ऑफिसात कुणी ‘हे असं का?’ विचारलं तर आपल्याकडे उत्तर हवं, त्यासाठीच मी रुंदी पुन्हा पुन्हा बदलून दाखवतो.

दहावीच्या गुणांचं उदाहरण आठवून पाहा. पास व्हायला 35 लागतात. एक्सेलमधला गट (25, 35] असा असेल, तर गोल कंसाकडचे 25 त्यात धरत नाहीत, चौकोनी कंसाकडचे 35 धरतात. म्हणजे बरोबर 35 मिळवून पास झालेला मुलगा नापासांच्या स्तंभात जाऊन बसतो! तेच गट मॅटप्लॉटलिबला दिले तर तो 35 ते 45 मध्ये जातो. उपाय सोपा आहे: आडव्या अक्षावर राइट क्लिक, फॉरमॅट ॲक्सिस, अंडरफ्लो बिन (त्या आकड्यापर्यंतचं सगळं एकत्र धरणारा पहिला गट) 34.5, बिन विड्थ (गटाची रुंदी) 10. गुण पूर्णांकात असल्यानं सीमेवर कुणीच उरत नाही आणि सगळे नापास एका स्तंभात येतात. हे कळलं नाही तर शाळेच्या बैठकीत चुकीचा आकडा वाचला जातो, आणि ते मला फार गंभीर वाटतं.

रंगांचं मी मुद्दाम शिकवत नाही. सगळे स्तंभ एकाच मोजमापाचे सलग तुकडे आहेत. प्रत्येकाला निराळा रंग दिला की बघणाऱ्याला ते वेगळे प्रकार वाटतात. फार तर पासच्या रेषेखालच्या भागाला दुसरा रंग द्यावा.

पॉवर बीआयच्या मूळ चार्टांत हिस्टोग्राम नाहीच. फील्डवर राइट क्लिक करून ‘न्यू ग्रुप’, त्यात ‘बिन’ निवडायचं आणि तो गट कॉलम चार्टला द्यायचा.

पुढच्या कुठल्याही बॅचमध्ये हा धडा आपण विनाशुल्क पुन्हा करू शकता. येताना आपल्या कामाचा डेटा आणा, नावं मात्र आधी काढून टाका. त्याच्यावरच गट पाडून बघू.