मेडिक्लेम आहे ना, मग कॅनडाला येताना वेगळा इन्शुरन्स कशाला?

तिकडे भारतात घरी सध्या मेडिक्लेमवर जोरात चर्चा चालू असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला, त्याआधी २०२४ मध्ये आयआरडीएआय या विमा नियामकाने पॉलिसी घेण्याची ६५ वर्षांची मर्यादा काढली, आधीपासूनच्या आजारांचा वेटिंग पिरियड, म्हणजे कव्हर सुरू होईपर्यंत थांबायचा काळ, जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला, त्यामुळे ज्यांनी आयुष्यात कधी इन्शुरन्स घेतला नव्हता ते काका-मावशी पण आता दहा लाखांची घेऊ की पंचवीस लाखांची असं विचारायला लागलेत. हे चांगलंच झालं, त्याबद्दल वादच नाही. पण या सगळ्यातून एक प्रश्न दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर इकडे कॅनडात आमच्याकडे ब्रॅम्प्टनला येऊन धडकतो, कुणाचे ना कुणाचे आईवडील यायला निघालेले असतात आणि फोनवर म्हणतात, "अगं एवढा मोठा मेडिक्लेम आहे आमचा, एजंट म्हणाला ग्लोबल कव्हर पण आहे, मग तिकडचा वेगळा कशाला भरायचा, उगीच दीड-दोन हजार डॉलर घालवायचे?"

माझं मत, भरायचाच. का ते सांगते.

आपली साधी मेडिक्लेम पॉलिसी भारतातल्या उपचारांसाठी असते. आयआरडीएआयने सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी ठरवून दिलेली आरोग्य संजीवनी पॉलिसी घ्या, तिच्यातच लिहिलंय की भारताच्या हद्दीबाहेर घेतलेले उपचार चालणार नाहीत. महागड्या प्लॅनमध्ये ग्लोबल कव्हर मिळतं हे खरं आहे, पण ते नीट वाचा, काहींमध्ये फक्त ठरवून केलेले उपचार आहेत आणि त्याला आजाराचं निदान भारतात झालेलं पाहिजे, कंपनीची आधी परवानगी पाहिजे, काहींमध्ये उलट फक्त इमर्जन्सी आहे, काहींमध्ये अमेरिका-कॅनडा वगळलेत आणि काहींमध्ये निघाल्यापासून ठराविक दिवसच. आईवडील इकडे सहा-सहा महिने राहतात हो, नातवंडं लहान असली तर जास्तच. आणि पैसे बहुतेक वेळा आधी आपण भरायचे, मग भारतात कागद पाठवायचे, मग रुपयात परत. इथल्या हॉस्पिटलच्या काउंटरवर भारतातल्या कॅशलेस कार्डाचा काही उपयोग नाही.

सुपर व्हिसावर, म्हणजे इथे स्थायिक झालेल्यांच्या आईवडील-आजीआजोबांसाठीच्या खास व्हिसावर, येणाऱ्यांना तर हा प्रश्नच नाही. २०२२ पासून त्या व्हिसावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं पण किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, किमान एक वर्षाचा हेल्थ इन्शुरन्स लागतोच, नुसतं कोटेशन चालत नाही, पैसे भरल्याचा किंवा हप्ते सुरू झाल्याचा पुरावा लागतो. आधी तो कॅनडातल्याच कंपनीचा लागायचा, जानेवारी २०२५ पासून बाहेरच्या कंपनीचा पण चालतो, पण त्या कंपनीला इथल्या ओस्फी या नियामकाची मान्यता हवी. ही बातमी आली तेव्हा घरच्या ग्रुपवर लगेच फिरायला लागलं की आता भारतातला मेडिक्लेम कॅनडात चालतो. तसं अजिबात नाहीये. खरी काळजी साध्या व्हिजिटर व्हिसावर येणाऱ्यांची आहे कारण त्यांना कुणी इन्शुरन्स विचारत नाही, आणि सुपर व्हिसावाल्यांमध्ये सुद्धा पहिलं वर्ष संपलं की तब्येत ठणठणीत आहे म्हणून रिन्यू न करणारे लोक मी बघितलेत. पासष्ट-सत्तरीच्या माणसाला बिनाइन्शुरन्स इथे ठेवणं मला मान्यच नाही, मग कुणी कितीही पटवू दे.

पण इन्शुरन्स घेतला म्हणजे सुटलो असंही नाही, आणि घरच्या चर्चेत हा भाग कधीच येत नाही. तिकडे सगळे सम इन्शुअर्डबद्दल बोलतात, पन्नास लाख की एक कोटी. व्हिजिटर इन्शुरन्समध्ये खरा खेळ 'स्टेबल' या अटीचा आहे. आधीपासूनचा आजार कव्हर होतो, पण पॉलिसी सुरू व्हायच्या आधी ९० किंवा १८० दिवस तो स्थिर असला पाहिजे, म्हणजे नवीन लक्षण नाही, नवीन तपासणी सांगितलेली नाही आणि गोळीचा डोस बदललेला नाही. बदललेला म्हणजे वाढवलेलाच असं नाही, बऱ्याच पॉलिसीत कमी केलेला पण धरतात.

आमच्या ताईचे सासरे, वय ७१, सांगलीहून आले. बीपीची अम्लोडिपिन दहाची घेत होते, पावलांना सूज यायला लागली म्हणून तिथल्या डॉक्टरांनी निघायच्या तीन आठवडे आधी पाचची केली. त्या गोळीने सूज येते हे कुठलाही डॉक्टर सांगेल आणि डोस कमी करणं हा बरोबरच निर्णय होता, सूज उतरली, बीपी पण छान राहिलं. इकडे आल्यावर महिन्याभराने रात्री छातीत दुखलं, इमर्जन्सीत नेलं, दोन रात्री ठेवून घेतलं. कंपनीने सांगलीच्या डॉक्टरांचे जुने कागद मागवले, लेटरहेडवर हाताने लिहिलेलं ते प्रिस्क्रिप्शन, त्यावर दहा खोडून पाच केलेलं, आणि तेवढ्यावर क्लेम नाकारला, १८० दिवसांच्या आत औषधात बदल. बिल हजारो डॉलरचं, भाऊजींनी हॉस्पिटलशी बोलून हप्ते पाडून घेतले. म्हाताऱ्या माणसाला त्या काळात जे अपराधी वाटत होतं, रोज म्हणायचे माझ्यामुळे तुम्हाला भुर्दंड, ते मला अजून सहन होत नाही. त्यांनी डॉक्टरांचं ऐकलं, एवढंच केलं होतं.

म्हणून कुणी येणार असलं की मी पहिलं विचारते, गेल्या सहा महिन्यांत कुठली गोळी बदलली का? बदलली असेल तर लपवू नका आणि इन्शुरन्ससाठी डॉक्टरांना डोस बदलू नका असंही सांगू नका, कंपनीला कळवा, कमी दिवसांची अट असलेली पॉलिसी शोधा, महाग पडली तरी, किंवा तिकीट पुढे ढकला.

आता उलटी बाजू, कारण घरच्यांना वाटतं तुम्हाला काय, कॅनडात सगळं फुकट. कार्ड असलेल्यांना कॅनडात फुकट. तेच ओहिप कार्ड, म्हणजे आमच्या ओंटारियो प्रांताच्या सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड, घेऊन मी पुण्यात आजारी पडले तर ओंटारियो सरकार अचानक आलेल्या आजारपणात अ‍ॅडमिट असताना दिवसाला जास्तीत जास्त ४०० डॉलर देतं, ते पण आयसीयू-ऑपरेशनसारखं असेल तर, नाहीतर २००, आणि अ‍ॅडमिट न होता नुसतं इमर्जन्सीत दाखवलं तर ५०. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्यांना तर अ‍ॅडमिट असताना दिवसाला ७५ डॉलर फक्त. १९८४ च्या कॅनडा हेल्थ अ‍ॅक्टमध्ये पाच तत्त्वं आहेत, त्यातलं एक हेच की माणूस बाहेर गेला तरी कव्हर सोबत गेलं पाहिजे, आणि प्रत्यक्षात हे आकडे. ओंटारियो सरकारने जानेवारी २०२० पासून तेवढंही बंद करून टाकलं होतं, हिवाळ्यात फ्लोरिडाला जाणाऱ्या म्हाताऱ्यांची संघटना कोर्टात गेली आणि कोर्टाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो निर्णय रद्द केला. त्या लोकांचे मी मनापासून आभार मानते, कारण फ्लोरिडात ४०० डॉलरने काही होत नसेल पण सांगली-साताऱ्याच्या हॉस्पिटलात दिवसाला पंचवीस हजारांच्या आसपास रुपये ही भरीव रक्कम आहे, आणि आपले कितीतरी लोक हा क्लेम करतच नाहीत, त्यांना माहीतच नसतं. पैसे आधी भरायचे, आयटमवार मूळ बिल आणि पावत्या जपायच्या, बारा महिन्यांच्या आत पाठवायचं. आपल्याकडे डिस्चार्जच्या वेळी एका ओळीचं पॅकेजचं बिल देतात, ते चालत नाही, तिथेच बसून तपशीलवार मागून घ्या.

आणि गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी इथे नंबर लागत नाही म्हणून पुण्याला जाऊन करून येणारे आहेत, त्यांना ओहिप एक पैसा देत नाही, आधी परवानगी घेतल्याशिवाय ठरवून केलेले उपचार धरतच नाहीत. अशांनी, आणि पुढेमागे परत जाऊ म्हणणाऱ्या सगळ्यांनीच, भारतातला मेडिक्लेम तरुणपणीच घेऊन चालू ठेवावा, एनआरआयला मिळतो, तीन वर्षांचा वेटिंग पिरियड आपण इकडे असतानाच संपून जातो. ऑफिसच्या बेनिफिटमध्ये पण बऱ्याचदा परदेशातली इमर्जन्सी असते, फक्त दिवसांची मर्यादा बघा आणि ओहिप चालू आहे ना ते बघा, वर्षात २१२ दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिलं तर ते जाऊ शकतं.

मला घरच्या चर्चेकडून एवढंच हवंय की प्रीमियम आणि जीएसटीइतकाच वेळ यालाही द्या. आयआरडीएआयने प्रत्येक पॉलिसीसोबत सोप्या भाषेतलं माहितीपत्रक द्यायला लावलंय, त्यात सगळ्यात वर मोठ्या अक्षरात लिहायला लावा की ही पॉलिसी भारताबाहेर चालते की नाही, चालत असेल तर कुठल्या देशात, किती दिवस आणि पैसे आधी कोण भरणार. मराठीत लिहा, सांगलीच्या ७१ वर्षांच्या माणसाला स्वतः वाचता येईल असं. आणि इकडच्या कंपन्यांनी 'स्टेबल'च्या अटीतून डोस कमी केलेला वगळावा. डॉक्टरांनी औषध कमी केलं म्हणजे बहुतेक वेळा माणूस बरा होतोय किंवा त्याचा त्रास टाळलाय, त्याची शिक्षा त्याला द्यायची हे मला कुठल्याच हिशोबाने पटत नाही. तोपर्यंत तिकीट काढायच्या आधी दोन्हीकडच्या कंपन्यांना ईमेल करा, प्रश्न स्पष्ट विचारा आणि उत्तर लेखीच घ्या, एजंटच्या फोनवरच्या बोलण्यावर निघू नका.