गुम्बा काढून टाकला तर?

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ या व्हिडिओ गेममध्ये अगदी सुरुवातीला समोरून चालत येणारा अळंबीसारखा शत्रू म्हणजे गुम्बा. त्याच्याबद्दल एक मजकूर सगळीकडे फिरतोय. त्यात म्हटलंय, खेळ बनवताना सुरुवातीलाच जमला तसा हा शत्रू रेखाटला, त्यावर फार डोकं लावलं नाही, तो कुणाचं काही बिघडवत नाही, काढून टाकला तरी खेळ तोच राहील. यातलं एकही विधान खरं नाही.

गुम्बा सुरुवातीला नव्हे, शत्रूंमध्ये सगळ्यात शेवटी आला. १९८५चा हा खेळ बनत असताना आधी कासवं होती. कासवावर उडी मारली की ते कवचात शिरतं. कवचाला धक्का दिला की ते सुसाट घसरतं, कशाला तरी आपटून उलटं येतं आणि आपलाच जीव घेतं. नवख्याला पहिल्याच फटक्यात हे जड जात होतं. म्हणून एका उडीत चपटा होणारा कुणीतरी हवा होता.

डोकं लावलं नाही म्हणता? तोवर मेमरी संपत आली होती. अख्खा खेळ ४० किलोबाइटचा, त्यात चित्रांच्या वाट्याला ८. मग गुम्बाचं चालतानाचं एकच चित्र काढलं आणि ते आरशातल्यासारखं डावं-उजवं उलटत ठेवलं. आपल्याला वाटतं, पाय टाकतोय! मला तरी या खेळातली ही सगळ्यात सुंदर युक्ती वाटते.

काही बिघडवत नाही, हे तर पहिल्या डावात त्याला नुसतं धडकून मेलेल्या कुणालाही विचारा.

आता काढून टाकण्याचं. नव्वदच्या दशकात आमच्याकडे नकली कन्सोल आणि कॅसेट आली, तिच्यासोबत माहितीचा कागदसुद्धा नव्हता. शिकवलं ते गुम्बाने. तो समोरून येतो, वर प्रश्नचिन्हाचा ठोकळा असतो. घाबरून उडी मारावी तर डोकं ठोकळ्याला लागतं आणि नाणं निघतं. पुढच्या ठोकळ्यातून अळंबी निघते. तीही गुम्बासारखीच दिसते, म्हणून आपण बिचकतो. ती उजवीकडे जाते, पाइपला आपटून परत येते. चुकवायला उडी मारावी तर वरच्या विटा आडव्या येतात, आपण तिच्यावरच पडतो आणि मरायच्या ऐवजी आपला मारिओ मोठा होतो. गुम्बा नसता तर त्या अळंबीला घाबरायचं कारणच उरलं नसतं, आणि उडी मारायची गरज पहिल्या पाइपपर्यंत कुणाला पडली नसती.