प्रतिक्रियेला उत्तर: पाहुणे आधी आले की शाळा?

सर, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया नीट वाचली, उत्तर कॉमेंटच्या चौकटीत मावेना म्हणून वेगळी पोस्ट टाकतेय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नेपाळ, भूतान, मालदीव इथे पर्यटनाने मुलांच्या शिक्षणाचं काय झालं यावर संशोधकांनी काय काय शोधलं त्याबद्दल माझा मागचा लेख होता. सरांचं म्हणणं असं की एवढ्याशा देशांतल्या चार गावांवरून निष्कर्ष काढणं हे काही संशोधन नव्हे, पर्यटन आलं की पोरं शाळा सोडतात हे मालवण तालुक्यात आयुष्यभर वर्गात उभं राहून त्यांनी बघितलंय त्याला अभ्यास कशाला लागतो, आणि भूतान पर्यटकांच्या पैशातून शिक्षण फुकट देतं ही नुसती जाहिरात आहे.

जाहिरातीच्या मुद्द्यापासून सुरू करते कारण तिथे आपलं बऱ्यापैकी एकमत आहे. भूतान भारतीय पर्यटकांकडून दर रात्रीचे १,२०० रुपये एसडीएफ (शाश्वत विकास शुल्क, म्हणजे तिथे राहण्याचा सरकारी कर) घेतं, बाकीच्या परदेशी लोकांकडून १०० डॉलर (कोविडनंतर २०२२ मध्ये दारं उघडली तेव्हा २०० केले होते, वर्षभरात निम्म्यावर आणावे लागले), आणि सगळीकडे सांगतात की यातून शाळा आणि दवाखाने फुकट चालतात. पैसा सरकारी तिजोरीत जातो हे खरंय. पण भूतानची तिजोरी बऱ्याच अंशी भारताला विकलेल्या विजेवर आणि भारताच्या मदतीवर उभी आहे, आणि मुळात तिथल्या शाळा पर्यटक यायच्या आधीच्या आहेत. पहिली पंचवार्षिक योजना १९६१ ची, पैसा भारताचा, त्यातून रस्ते आणि शाळा सुरू झाल्या, शिकवायला पार केरळपासूनचे मास्तर डोंगर चढून गेले, माध्यम इंग्रजी ठेवलं. परदेशी पर्यटकांना आत घेतलं ते १९७४ मध्ये, राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांच्या राज्याभिषेकाच्या वर्षी. म्हणजे शाळा तेरा वर्षं आधी. त्यामुळे पाहुणा आला तेव्हा त्याच्याशी इंग्रजीत बोलू शकणारी पहिली पिढी देशात तयार होत होती, आणि सरकारने गाइडला लायसन्स सक्तीचं केलं तेव्हा ते काम स्थानिक माणसालाच मिळालं.

सर, माझ्या लेखाचा सगळा जीव या क्रमात होता, आणि तुमच्या प्रतिक्रियेत त्याचा उल्लेखच नाही याचं मला वाईट वाटलं. पर्यटन चांगलं की वाईट असा प्रश्न मी विचारलाच नव्हता. प्रश्न होता की पाहुणे आले तेव्हा त्या गावात शाळा होती का, आणि आलेल्या नोकऱ्यांपैकी कुठली नोकरी शाळा शिकलेल्या पोराला मिळणार होती.

मालदीव बघा. पहिलं रिसॉर्ट, कुरुंबा, १९७२ चं. आणि राजधानी माले सोडून बाहेरच्या बेटांवर पहिली सरकारी माध्यमिक शाळा निघाली १९९२ मध्ये, अगदी दक्षिण टोकाला अड्डूच्या हितधूला. वीस वर्षं! या वीस वर्षांत एकामागून एक बेटं रिसॉर्टला दिली गेली, आणि बाहेरच्या बेटावरच्या मुलाला पाचवी-सातवीच्या पुढे शिकायचं तर माले गाठायचं, तिथे कुणा नातेवाईकाच्या आधीच भरलेल्या खोलीत राहायचं, बदल्यात घरकाम करायचं. मग रिसॉर्टमध्ये त्याला काय मिळणार, बोटी धक्क्याला बांधणं, खोल्या साफ करणं, बागकाम. वरच्या जागांवर बाहेरून आणलेली माणसं आणि खालच्या कामाला पुढे बांगलादेशी मजूर. त्यात रिसॉर्ट मुद्दाम निर्मनुष्य बेटांवर ठेवलेली, म्हणजे कामगार महिनोन्महिने तिथेच राहणार, म्हणून मुलींना आईबाप पाठवेनात, आणि शाळेत मुली मुलांच्या पुढे असूनही देशातल्या सगळ्यात मोठ्या धंद्यात त्या फारशा दिसेनात. वस्तीच्या बेटांवर गेस्टहाऊसला परवानगी मिळाली २००९ नंतर, माफुशीसारख्या बेटांवर घराशेजारी काम आलं तेव्हा कुठे हे थोडं हलायला लागलं. आज पाच लाखांच्या थोड्या वर वस्तीच्या देशात वर्षाला वीस लाख पाहुणे येतात, पैशाला तोटा नाही, पण ती सुरुवातीची वीस वर्षं ज्यांच्या वाट्याला आली त्यांची शाळा कुणी परत आणून देणार नाहीये.

आता तुमचा सगळ्यात जोरदार मुद्दा, पोरं शाळा सोडतात. हो, सोडतात, आणि हे सगळ्यात स्वच्छ दिसलं ते खुंबूमध्ये, एव्हरेस्टच्या पायथ्याशी. (नेपाळ काही छोटा देश नाही, मान्य, पण मी बोलतेय ते त्या शेर्पा गावांबद्दल.) एडमंड हिलरींनी तिथल्या खुमजुंग गावात १९६१ मध्ये अल्युमिनियमच्या पत्र्यांची शाळा उभी केली, पहिला शिक्षक दार्जिलिंगहून आणला, तोही शेर्पाच. मग १९६४ मध्ये जवळच्या लुक्ला गावात विमानाची धावपट्टी झाली, ती पर्यटकांसाठी नव्हतीच, शाळा आणि दवाखान्याचं सामान आणायला होती. ती बांधायला गेलेल्यांत जेम्स फिशर नावाचा तरुण अमेरिकन होता, पुढे मानववंशशास्त्रज्ञ झाला, आणि तो नंतरची पंचवीसेक वर्षं पुन्हा पुन्हा तिथे जात राहिला. त्या १९६४ सालात अख्ख्या खुंबूत वर्षभरात वीसएक पर्यटक आले असतील, दहा वर्षांत ते हजारोंवर गेले, हल्ली पन्नास हजारांच्या वर जातात. आणि फिशरला दिसलं ते हेच जे तुम्ही म्हणताय, मोठी पोरं वर्ग सोडून ट्रेकिंगच्या कामाला जायला लागली, कारण एका सीझनची कमाई मास्तरच्या पगाराला लाजवणारी होती, आणि ज्या इंग्रजीमुळे ते काम मिळत होतं ती इंग्रजी त्याच शाळेने दिलेली होती.

पण सर, तो तिथे थांबला नाही म्हणून पुढचंही कळलं. त्याच खुमजुंगच्या शाळेतला मिंग्मा नोर्बू शेर्पा सगरमाथा (म्हणजे एव्हरेस्ट) राष्ट्रीय उद्यानाचा पहिला शेर्पा वॉर्डन, म्हणजे प्रमुख अधिकारी, झाला. पाहुण्यांबरोबर आलेलं काम, लॉजची मालकी, गाइडगिरी, हे बऱ्याच प्रमाणात शेर्पांच्या हातात राहिलं, त्यामागे शाळा आधी आली हे एक मोठं कारण. एकमेव कारण नव्हे, तिबेटशी चालणारा त्यांचा जुना व्यापार १९५९ नंतर आटला होता, दार्जिलिंगपासून मोहिमांची सवय होती, या गोष्टी बाजूला काढता येत नाहीत. आणि शाळा सोडलेल्या त्या पोरांनी पुढे लॉज काढले आणि आपली मुलं काठमांडूला बोर्डिंगमध्ये घातली, त्यामुळे आता गावच्या शाळांचा पट घसरलाय आणि वर्गात खालून कामाला आलेल्या राई-तामांग कुटुंबांची मुलं दिसतात. म्हणजे एका पिढीत गळती, दुसऱ्या पिढीत शिक्षणावर भरपूर खर्च, आणि गावच्या शाळेला मात्र ओहोटी. १९७५ साली कुणी नुसतं वर्गात उभं राहून बघितलं असतं तर त्याला फक्त गळती दिसली असती, आणि ते बघणं खोटं नसतं, अर्धं असतं.

चार गावांवरून संशोधन होत नाही हे मला म्हणूनच पटत नाही. मोठ्या देशात हजार गोष्टी एकदम बदलतात, कशामुळे काय झालं कळत नाही. खुंबूत मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ १९५३ मध्येच पोचले होते, म्हणजे शाळेच्या, विमानाच्या, पर्यटकांच्या आधी, त्यामुळे आधीचं आणि नंतरचं दोन्ही लिहिलेलं आहे. (हेच गृहस्थ त्याआधी आपल्या शेजारी तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यात मारलवाईला गोंड मुलांसाठी शिक्षक तयार करत होते आणि गोंडी वाचनपुस्तकं देवनागरीत छापून घेत होते, आपल्याकडे हे फार कमी जणांना माहितीये.) आणि आकडेच हवे असतील तर भूतानची २०२२ ची जीएनएच (सकल राष्ट्रीय आनंद) पाहणी ११,०५२ माणसांची आहे, त्या देशाच्या मानाने सत्तरात एक. नमुना चांगला की वाईट हे टक्क्यांवर ठरत नाही, माणसं किती आणि कशी निवडली यावर ठरतं, पण अकरा हजार हा आकडा कुठल्याही देशात एवढासा नाही.

भूतानचं माझ्या मते जे दुखणं आहे ते वेगळंच आहे, इतकी वर्षं इंग्रजीत शिकवलेली पोरं आता ऑस्ट्रेलियात पर्थला चाललीत, त्यात शिक्षकही खूप. शाळा आधी आली पण शिकलेल्यांना पुरेल एवढं काम देशात आलं नाही. याच्यावर पर्यटनाचा उपाय पुरेल असं मला वाटत नाही.

आता मालवण. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तेव्हा तिथे शाळा चांगल्या रुजलेल्या होत्या, म्हणजे मालदीवसारखी गोष्ट नाही, खुंबूच्या जवळची आहे. तुम्ही म्हणता ती गळती मी नाकारत नाही, पण ती कुठल्या घरातली, होमस्टेवाल्यांच्या की त्यांच्याकडे कामाला येणाऱ्यांच्या? मुलगे सोडतात की मुलीपण? आठवीत की बारावीनंतर? तुमच्या शाळेचं जनरल रजिस्टर असेलच, दाखला कधी नेला आणि का नेला हे त्यात लिहिलेलं असतं. १९९० पासूनची पानं मुख्याध्यापकांनी बघू दिली तर मी येते, आपण दोघं बसून नोंदी काढू, मुलांची नावं न घेता, फक्त वर्ष, इयत्ता, मुलगा की मुलगी, आणि कारण. मे महिना सोडून कधीही सांगा, मेमध्ये तुमच्याकडे राहायला खोली मिळायची नाही.